दाढदुखीची पुडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अँटिबायोटिकच्या बेसुमार वापरावर आपल्या अंकात नुकताच पानभर मजकूर आला होता. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, अतिदक्षता विभाग, कोंबड्यांचे खाद्य, सगळे त्यात होते. दात हा शब्द मात्र कुठे नव्हता. मी दोनदा वाचून खात्री केली. 33 वर्षे औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो, माझ्या हातून चिठ्ठीविना जेवढी अँटिबायोटिक गेली, त्यांत सर्दी-खोकल्याच्या खालोखाल दाढदुखीचा नंबर होता. हे मी आता लिहिले नाही तर दुसरे कोण लिहिणार, असे वाटले. पत्र लांबले आहे, सांभाळून घ्या.

डी.फार्म. करून 1989 मध्ये मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडसमोर दुकान टाकले. 2022 मध्ये ते पुतण्याच्या हाती दिले. आमच्याकडे शनिवारचा बाजार. दाढदुखीचे गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडूनच ओळखू यायचे. गालावर रुमाल दाबलेला, मान एका अंगाला कललेली, जवळ आले की लवंगेचा नाहीतर मिश्रीचा वास. "दादा, दाढ लई ठणकतीया, रातभर डोळ्याला डोळा न्हाई. कायतरी जालीम द्या." मी पुडी बांधायचो. अमॉक्सिसिलिन 500 या अँटिबायोटिकची एक कॅप्सूल, डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची एक गोळी, पित्ताची एक गोळी. दोन वेळच्या दोन पुड्या. दुखणे फार असेल तर अमॉक्सिसिलिनच्या जागी ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची जोडगोळी, कारण कंपनीचे एमआर, म्हणजे औषधांचा प्रचार करणारे प्रतिनिधी, येऊन सांगून जायचे की दातांसाठी हीच चालते, आणि त्यावर दहाला दोन फुकट अशी स्कीमही असायची.

पट्टी कात्रीने कापताना औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख बहुतेक वेळा माझ्याकडे राहणाऱ्या तुकड्यावर राहायची. आपण काय गिळले हे त्या माणसाला कधी कळायचेच नाही. पुढे कुठल्या डॉक्टरने विचारले तर तो सांगणार, "दोन रंगाची कॅप्सूल होती." आज याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

आणि गुण यायचा, हे खरे. तोच माणूस पुढच्या शनिवारी वांगी घेऊन जाताना हात वर करायचा. मला वाटायचे, गरिबाचा डॉक्टरचा खर्च वाचवला.

2016 मध्ये माझी भाची बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, शेवटच्या टप्प्यात होती, इंटर्नशिप चालू होती. सुट्टीत आली की दुकानात येऊन बसायची. एका संध्याकाळी तिने माझ्या तीन पुड्या पाहिल्या आणि गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "मामा, ही कॅप्सूल त्या दातात जाणार कुठून?" मला प्रश्नच कळला नाही. तिने बिलबुक ओढले आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर दाढेचे चित्र काढले.

ते चित्र मला शब्दांत सांगायचे आहे, कारण सगळी गोम त्यात आहे. दाताच्या आत मऊ गर असतो. लोक त्यालाच नस म्हणतात. कीड तिथवर पोचली की तो सुजतो. हाताला सूज आली तर कातडी ताणून जागा देते. दाताला चहूबाजूंनी टणक भिंत, त्यामुळे सुजेला जागाच नाही. आत दाब वाढतो आणि माणूस रात्रभर भिंतीला डोके टेकून बसतो. या अवस्थेत अँटिबायोटिक दिले तरी ठणका कमी होत नाही, कारण तो ठणका सुजेचा आणि दाबाचा आहे. पुढे काय होते? मुळाच्या टोकाशी सुईच्या अग्राएवढे भोक असते, गराला रक्त तिथूनच मिळते. ती वाट दबली की रक्त थांबते आणि गर मरतो. एकदा मेला की ठणकाही थांबतो. आता त्या मेलेल्या पोकळीत जंतूंचे राज्य सुरू होते, आणि रक्तच आत जात नसल्याने रक्तातून येणारे औषधही तिथे पोचत नाही. काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, मुळाखाली पू धरतो.

म्हणजे माझ्या पुडीतला गुण डायक्लोफेनॅकचा होता, आणि उरलेला गराच्या मरणाचा. कॅप्सूल पोटातून थेट आतड्यात जाऊन तिथल्या चांगल्या-वाईट जंतूंवर तुटून पडायची. मरतील ते मरायचे, त्या औषधाला दाद न देणारे उरायचे आणि मोकळ्या रानात वाढायचे. ज्या दातासाठी घेतली, तो सोडून सगळ्या शरीराला तिचा हिशेब चुकवावा लागायचा.

भाचीने उपाय एका वाक्यात सांगितला. दात उघडायचा किंवा दात काढायचा. रूट कॅनॉलची सुरुवात करून आतला दाब मोकळा केला, पू धरला असेल तर चीर देऊन वाट करून दिली, की दुखणे तिथेच उतरते. तोवर ज्यांना चालते त्यांनी पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन जोडीने घ्यावे. ज्यांना पोटात अल्सर आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे, दिवस गेलेले आहेत, त्यांनी आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये.

मला तिचे पटले. पण पटले म्हणून हात थांबला नाही, हेही लिहितो. बाजाराच्या दिवशी पाच-सहा जण एकदम काउंटरवर आले की हात सवयीने कात्रीकडे जायचा.

2017 च्या पावसाळ्यात तो थांबला. आमच्या गल्लीच्या टोकाला एक शिंपी आहेत, माझ्याच वयाचे, साखरेचा आजार. खालची शेवटची दाढ किडलेली. दोन महिन्यांत त्यांनी चार वेळा पुडी घेतली, त्यांतल्या दोन माझ्याकडून. दाढ काढायला का जात नाही, असे मी विचारले तेव्हा म्हणाले, "दाढ काढली की नजर जाते म्हणतात, माझा तर धंदाच नजरेवर." हा समज आमच्या भागात इतका घट्ट आहे की शिकलेले लोकही दबक्या आवाजात विचारतात. दाढेचा आणि दृष्टीचा काही संबंध नाही. पण मी त्या दिवशी वाद न घालता पुडी बांधली.

ऑगस्टमधल्या एका रात्री त्यांचा मुलगा माझे घर गाठून दार वाजवू लागला. जाऊन पाहिले तर हनुवटीखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी टणक सूज, जीभ वर उचललेली, तोंड दोन बोटेही उघडेना, लाळ गिळता येईना. त्या सुजेला लुडविग अँजायना म्हणतात, हे मला नंतर कळले. जंतू दाढेच्या मुळातून जिभेखालच्या जागेत उतरतात आणि सूज श्वासाची वाट अडवते. गाडी करून सोलापूरला नेले. मानेला दोन्हीकडून छेद देऊन पू काढावा लागला, श्वासासाठी नळी घालावी लागली. ते वाचले. तीन आठवड्यांनी घरी आले, तेव्हा ड्रेसिंगचे सामान घ्यायला मुलगा फाइल घेऊन दुकानात आला.

फाइलमध्ये पुवाच्या तपासणीचा कागद होता. जंतूचे नाव क्लेबसिएला. मधुमेह असलेल्यांच्या मानेतल्या पुवात हा बऱ्याचदा सापडतो. खाली औषधांची रांग, आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे जंतू दाद देणार नाही. अमॉक्सिसिलिनच्या जातकुळीतल्या औषधापुढे आर होता. त्यात नवल नाही, या जंतूचा तो जन्मजात गुण आहे. पण त्याखाली अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाच्या जोडीपुढे आर, सेफिक्झिमपुढे आर, ओफ्लॉक्सासिनपुढे आर. माझ्या काउंटरमागच्या दुसऱ्या फळीवरून बोट फिरवावे, तशी ती यादी होती. शेवटी एस होता तो महागड्या इंजेक्शनांपुढे.

त्या दोन पुड्यांनीच हे घडले, असे मी म्हणणार नाही. जंतू निर्ढावतात ते एका माणसाच्या दोन कॅप्सूलने नव्हे, गावोगावच्या हजारो कॅप्सूलनी. पण त्या हजारांत माझ्या किती, हे मला सांगता येणार नाही. हिशेब ठेवलेलाच नव्हता.

इथे कायद्याचे थोडे सांगतो. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा आहे, आजचे नाही, खूप जुने. 1 मार्च 2014 पासून एच-1 नावाची वेगळी अनुसूची, म्हणजे औषधांची यादी, लागू झाली. त्यातले औषध विकले की डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले, हे वेगळ्या वहीत लिहून ती वही 3 वर्षे जपावी लागते. सेफिक्झिम त्यात आहे. पण दातांसाठी सर्वांत जास्त खपणारी अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल ही दोन्ही साध्या एच अनुसूचीत आहेत; त्यांना चिठ्ठी लागते, पण ही वही नाही. 2016 मध्ये सरकारने पट्टीवरच्या लाल रेघेची मोहीम काढली, की रेघ दिसली तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. कापलेल्या तुकड्यावर रेघ कुणाला दिसणार?

आता दंतवैद्यांविषयी लिहिणे भाग आहे. दुकानात आलेल्या चिठ्ठ्याही मी 33 वर्षे वाचल्या आहेत. दात नुसता साफ केला, तरी पाच दिवस अँटिबायोटिक. हलणारा दुधाचा दात काढला, तरी गोड सिरपची बाटली. आणि सर्वांत जास्त दिसणारी चिठ्ठी म्हणजे "पाच दिवस गोळ्या घ्या, सूज उतरली की या." त्यांची अडचण मला माहीत आहे. सुजलेल्या, पू धरलेल्या जागी बधिर करण्याचे इंजेक्शन नीट लागत नाही. बाहेर बाकावर बारा जण बसलेले असतात. गोळी लिहिली नाही तर रुग्ण म्हणतो, या डॉक्टरच्या हाताला गुण नाही. तरीही पाच दिवस थांबणे हा उपचार नव्हे. जमेल तिथून पुवाला त्याच दिवशी वाट करून देणे, निदान दात उघडून ठणका उतरवणे, हे खुर्चीवरचेच काम आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 मध्ये स्पष्ट लिहिले की ठणकणाऱ्या दाढेवर, गळू मुळापुरते असेल आणि दातावर तिथल्या तिथे उपचार होणार असतील तर, अँटिबायोटिक देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये काढलेल्या अँटिबायोटिकच्या मार्गदर्शक पुस्तकात दातांचा स्वतंत्र भाग आहे, त्याचाही रोख हाच आहे. आणि ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची ती जोडगोळी, जिच्यावर मला स्कीम मिळायची, ती त्याच संघटनेच्या "शिफारस नाही" अशा मिश्रणांच्या यादीत आहे.

कुणी वाचून असा अर्थ काढू नये की दाताला अँटिबायोटिक कधीच लागत नाही. ताप आला, सूज गालावरून डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकू लागली, तोंड उघडेना, गिळता येईना, तर ते लागतेच, आणि तासाभरात इस्पितळ गाठावे लागते. मधुमेह हाताबाहेर असेल, कॅन्सरची औषधे चालू असतील तर डॉक्टर लवकर सुरू करतील. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे किंवा ज्यांना हृदयाच्या अस्तराचा संसर्ग पूर्वी होऊन गेला आहे, अशांना दात काढण्याआधी अर्धा ते एक तास 2 ग्रॅम अमॉक्सिसिलिनचा एकच डोस देतात, दाताच्या जखमेतून रक्तात गेलेले जंतू झडपेवर जाऊन बसू नयेत म्हणून. तिथे ती कॅप्सूल जीव वाचवते. त्या माणसासाठी ती चालली पाहिजे, म्हणून तर मी हे सगळे लिहितो आहे.

आणखी एक. लोकांना एवढेच पाठ झाले आहे की कोर्स पुरा करा. त्यामुळे अनेकांना वाटते, अर्धवट घेतले म्हणून चूक, पाच दिवस पुरे घेतले की बरोबर. गरजच नसलेला कोर्स पुरा केला तर जंतूंना दोन कॅप्सूलऐवजी पंधरा कॅप्सूलचे शिक्षण मिळते. डॉक्टरने विचार करून दिलेले औषध सांगितले तितके दिवस घ्या, हे खरेच. पण आधी विचारा, कशासाठी देताय?

डी.फार्म.ला असताना आमची सहल पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये गेली होती. 1954 मध्ये स्थापन झालेला हा कारखाना, पेनिसिलिन देशात बनू लागले ते तिथे. दोन मजले उंच पोलादी टाक्या, त्यांत बुरशी वाढवतात, आंबूस वास सगळ्या आवारात. आमचे सर म्हणाले होते, "पोरांनो, तुमच्या आज्या बाळंतपणात का मरायच्या आणि तुमच्या आया का नाही, त्याचे अर्धे उत्तर या टाकीत आहे." तेव्हा अंगावर काटा आला होता. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने 1945 च्या नोबेल भाषणातच सांगून ठेवले होते की हे औषध दुकानातून कुणीही विकत घेऊ लागेल आणि थोडे थोडे घेऊन जंतूंना सरावून ठेवेल. ते भाषण झाले तेव्हा पिंपरीचा कारखानाही उभा नव्हता. 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळेच दगावली, असा अंदाज लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आहे.

शिंप्यांच्या त्या कागदानंतर मी पुडी बंद केली. गिऱ्हाईक तुटले. "समोरच्याकडं मिळतंय की" म्हणून लोक उतरून जायचे. ओळखीचे चिडायचे, "तुम्ही आता मोठं झाला व्हय." मी पॅरासिटामॉलची पूर्ण पट्टी द्यायचो आणि दंतवैद्याचा पत्ता लिहून द्यायचो. तेव्हा मला दुसरी बाजू दिसली. ऊसतोडीवरचा मजूर संध्याकाळी सातला फडातून येतो. सरकारी दवाखान्यात दाताची खुर्ची असली तरी वेळ सकाळची. सकाळी गेला तर दिवसाची मजुरी बुडते. खासगीत रूट कॅनॉलला काही हजार लागतात, दाढ काढायला काहीशे. आणि माझ्या पुडीला वीस रुपये. नुसती मेडिकलवर धाड घालून हे सुटणार नाही. केरळने 2018 मध्ये जंतूंच्या या निर्ढावण्याविरुद्ध राज्याचा स्वतःचा आराखडा केला आणि 2024 पासून चिठ्ठीविना विक्रीवर धडक तपासणीही सुरू केली. ते आपल्याकडेही व्हावे. पण ज्या माणसाला आपण पुडी नाकारतो, त्याच्यासाठी त्याच संध्याकाळी उघडी असलेली एक खुर्ची हवी.

म्हणून माझे मागणे अगदी साधे आहे. ज्या सरकारी दवाखान्यांत दंतशल्यचिकित्सक आहेत, तिथे बाजाराच्या दिवशी आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी फक्त दुखऱ्या दाढांसाठी ओपीडी ठेवावी. गळीत हंगामात तरी ठेवाच. दंतवैद्यांनी अँटिबायोटिक लिहिले की शेजारी कारण लिहावे, एका शब्दात, ताप, पसरती सूज, झडप. कारण लिहायचे ठरले की बऱ्याच चिठ्ठ्या लिहिण्याआधीच थांबतील. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोललाही वही लावावी. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, अँटिबायोटिकच्या पट्टीला कात्री लावू नका.

पुतण्याच्या दुकानात मी अजून संध्याकाळी तासभर बसतो. मागच्या शनिवारी बाजारातून एक बाई नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या, गाल टम्म सुजलेला. म्हणाल्या, "लेकरापुरती पुडी द्या." कपाळाला हात लावला तर ताप होता. भाचीचा दवाखाना आता इथेच आहे, तिला फोन केला आणि दोघींना रिक्षात बसवून दिले. रात्री भाचीने सांगितले, दाढ उघडली, पू निघाला, ताप होता म्हणून अँटिबायोटिकही दिले, वजन करून, मोजून. पण माझ्याजवळ भाची आहे म्हणून हे झाले. त्या बाई माढ्याच्या किंवा करमाळ्याच्या बाजारात असत्या तर तिथल्या दुकानदाराने त्यांना कुठे पाठवले असते?

आपल्या जिल्हा पुरवणीत दर आठवड्याला एस.टी.चे वेळापत्रक आणि बाजारभाव येतात. त्याशेजारी तालुक्यातल्या सरकारी दंत ओपीडीचे वार आणि वेळा छापता येतील का? चार ओळींची जागा पुरेल. आमच्या तालुक्याची यादी मी स्वतः फिरून, खात्री करून, येत्या आठवड्यात कार्यालयात आणून देतो.

आपला नम्र,
एक निवृत्त औषधविक्रेता, जि. सोलापूर